आधी ट्यूब दाखवा

नागपूरला गोकुळपेठेत दोन खोल्यांचं माझं स्किन सेंटर आहे, चोवीस वर्षं झाली. उन्हाळा लागला की पत्रं वाढतात. या वेळची पाच निवडली. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे, कारण तसल्याच अवस्थेतला एक तरी चेहरा दर आठवड्याला माझ्यासमोर बसतो.

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची, त्रिमूर्तीनगरला राहते, बँकेत आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आला. शेजारच्या काकूंनी एक ट्यूब सांगितली, औषधाच्या दुकानातून आणून दीड वर्षापासून लावून राहिले. पहिल्या महिन्यात चेहरा एकदम उजळला. आता दोन दिवस नाही लावली की आग होते, लाली येते, बारीक पुरळ उठतं. एका पार्लरमध्ये सहा ‘व्हाइटनिंग फेशियल’चं पॅकेज सांगितलंय, पैसे आधी भरायचे. घेऊ का?

नका घेऊ. आणि पार्लरची पायरी चढण्याआधी ती ट्यूब हातात घ्या, मागचा बारीक मजकूर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांतलं एखादं नाव दिसेल असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. ही स्टेरॉइडं आहेत. वांगासाठीच्या मिश्र क्रीममध्ये स्टेरॉइडसोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असतं. डॉक्टर ते देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. दीड वर्षं रोज लावल्यावर कातडी पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसायला लागतात, मुरुमं येतात, हनुवटीवर लव वाढते. आणि सोडलं की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा लावते. तुम्ही याच चक्रात अडकला आहात. यात तुमची चूक कमी आणि सहज मिळणाऱ्या ट्यूबची जास्त. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पण दुकानात काय चालतं ते आपण सगळे पाहतो.

अशा चेहऱ्यावर फेशियल का करायचं नाही, ते मी माझ्या हाताने घडलेल्या चुकीवरून सांगते. २००९ चा मार्च होता. साखरपुडा आठ दिवसांवर आलेली एक मुलगी आईसोबत आली. गोरीपान, गाल गुलाबी. मला वाटलं, काय छान कातडी! तिला ‘काय लावतेस?’ हा एक प्रश्न विचारला नाही आणि ब्लीच लावलं. ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड लवेचा रंग घालवतं, अमोनिया त्याला जोर देतो. निरोगी कातडीला ते थोडं चुणचुणतं. तिला तिसऱ्या मिनिटाला रडू आलं. मी पुसलं, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, पण संध्याकाळपर्यंत दोन्ही गाल सोलल्यासारखे झाले आणि साखरपुड्याच्या दिवशी तिथे काळपट चट्टे होते. ती गुलाबी झाक स्टेरॉइडची होती, वर्षभर एक क्रीम लावत होती. तिची आई मला एक शब्दही बोलली नाही. ती शांतपणे निघून गेली, ते मला अजून आठवतं. त्या आठवड्यात मी एक वही केली. आता नव्या बाईला बेडवर झोपवण्याआधी मी तिच्या पर्समधली, घरातली प्रत्येक ट्यूब बघायला मागते. कुणी चिडून उठून गेली तर जाऊ देते.

तुम्ही करायचं एवढंच. ट्यूब एकदम बंद करू नका. ती कशी उतरवत न्यायची हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मेडिकल आणि मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा आणि ट्यूब सोबत न्या. तोवर चेहऱ्याला साधा सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, चौथी वस्तू नाही. वांगाला नुसतं ऊनच नाही, उजेड आणि उष्णताही वाढवते. म्हणून रंगाची झाक असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन घ्या, ते दिसणारा उजेडही अडवतं. बँकेत खिडकीजवळ बसत असाल तर काच उन्हातली यूव्ही-ए किरणं आत येऊ देते, हेही लक्षात असू द्या. आणि फेशियलची वाफ तुम्हाला सध्या वर्ज्य. भांडं उतरवताना तोंडावर येणारी वाफसुद्धा चुकवा.

कातडी सावरली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मग पार्लरचा उपयोग आहे. वाफेशिवाय थंड मास्क, हलक्या हाताचा मसाज, पुढे कधीतरी सौम्य लॅक्टिक किंवा मँडेलिक पील, म्हणजे ॲसिडने कातडीचा वरचा थर उतरवणं. वांग हटवण्याची हमी मी कुणाला देत नाही. तो फिका पडतो, दबून राहतो आणि उन्हात पुन्हा डोकं वर काढतो. सहा बैठकांत घालवून देते म्हणणारीला आधी पैसे देऊ नका.

प्रश्न : ताई, मी मनीषनगरची. कोर्स करून हॉटेलच्या स्पामध्ये तीन वर्षं काम केलं. आता घरच्याच एका खोलीत स्वतःचं सुरू करायचं आहे. सासऱ्यांनी दीड लाख दिलेत. मशीनवाला म्हणतो, हायड्राफेशियलचं मशीन घ्या, गिऱ्हाईक त्यालाच येतं. घेऊ?

सासऱ्यांनी पैसे दिले हे वाचून फार बरं वाटलं. म्हणूनच ते पैसे पहिल्या दिवशी एका मशीनमध्ये घालू नकोस.

पहिली वस्तू घे ऑटोक्लेव्ह. छोटा, दाबाच्या वाफेवर चालणारा, १२१ अंशांना किमान १५ मिनिटं टिकणारा. ब्लॅकहेड काढायची लूप, चिमटे, सगळं त्यात जायला हवं. निळा दिवा लावलेली यूव्हीची पेटी पार्लरमध्ये सगळीकडे दिसते, पण ती धुतलेली अवजारं ठेवायला ठीक. निर्जंतुक तिने होत नाहीत. लूपने काढताना रक्ताचा ठिपका येतोच, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात, अवजारावर, सात दिवस जिवंत राहू शकतो. सहा संच घे, एका बाईला एक, वापरला की ट्रेमध्ये बाजूला. आणि तू स्वतः हिपॅटायटिस बीची लस घेतली नसशील तर दुकान उघडण्याआधी घे.

दुसरी, भिंग लावलेला चांगला दिवा. तिसरी, तुझ्या कमरेच्या उंचीचा बेड. पाठ गेली की धंदा गेला. चौथं, खोलीतच हात धुवायचं बेसिन. मग स्टीमर. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे, ते स्टीमरमध्ये घातलंस तर महिनाभरात पांढरा थर चढेल आणि नळीतून उकळत्या पाण्याचे शिंतोडे उडतील. एकदा एका गिऱ्हाइकाच्या मानेवर असा थेंब पडलेला मी पाहिला आहे. डिस्टिल्ड पाणी वापर. स्टीमर आधी भिंतीकडे तोंड करून सुरू कर, वाफ एकसारखी यायला लागली की मगच चेहऱ्याकडे वळव, दीड फुटावर, पाच ते सात मिनिटं. दमा असलेल्या बाईला, लाली असलेल्या चेहऱ्याला, वांगाला वाफ देऊ नको. त्याच्याऐवजी कोमट टॉवेल.

हायड्राचं मशीन वाईट नाही. पाण्याच्या धारेने आणि ओढीने मळ काढतं, तेलकट चेहऱ्याला छान. पण प्रत्येक बैठकीनंतर टोक बदलणं, नळ्यांमधून जंतुनाशक फिरवणं, सांडपाण्याची बाटली धुणं, एवढं करायला वेळ आणि नेम लागतो. तो नेम आधी अवजारांवर बसू दे. वर्षभराने घे.

पीलबद्दल दोन आकडे पाठ कर. ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक ॲसिडबद्दल अमेरिकेतल्या कॉस्मेटिक घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने १९९७ मध्ये मर्यादा सांगितली होती. घरी वापरायच्या वस्तूत १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (तो जितका कमी तितकं आंबट), ३.५ पेक्षा कमी नको. शिकलेल्या हाताने सलूनमध्ये, थोडा वेळ लावून नीट धुवायचं असेल तर ३० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३ च्या खाली नको. पीएच न छापलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नकोस. टक्के तेच असले तरी पीएच उतरला की ॲसिड जोरात चावतं. आपली कातडी सावळी. कातडीच्या रंगाचे सहा प्रकार करणाऱ्या फिट्झपॅट्रिकच्या मोजमापात आपण बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो, म्हणजे जळत कमी, पण दुखावली की काळी पडते. मी दिवाळीनंतर पील सुरू करते आणि होळीच्या आत थांबवते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, तोंडावर असताना पील मागणाऱ्या बाईला परत पाठवावंच लागतं, तुलाही लागेल.

विजेची मशीन, गॅल्व्हॅनिक, हाय फ्रिक्वेन्सी, पेसमेकर असलेल्यांना आणि गरोदर बायकांना नाही. सुया, बोटॉक्स, लेझर हे डॉक्टरांचं काम. शेजारच्या पार्लरने केलं तरी तू करू नको. आणि एक वही ठेव. तारीख, काय लावलं, किती मिनिटं, कातडी कशी झाली. माझ्या जुन्या वह्या मी अजून उघडते.

प्रश्न : मुलीचं लग्न १८ मेला आहे, आम्ही महाल भागात राहतो. ती पुण्याला नोकरीला, चार दिवस आधी येणार. तेव्हाच ब्लीच, पील, फेशियल एकदम करून घ्यावं म्हणते. मी घरी संत्र्याच्या सालींचं उटणं करून ठेवलंय, त्यात लिंबू पिळणार आहे. नणंदेने बाहेरून एक गोरेपणाची डबी आणली आहे, तीही देऊ का?

डबीपासून सुरुवात करते. तिच्यावर घटक छापलेले नसतील, बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर ती फेकून द्या. अशा क्रीममध्ये पारा सापडतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशी क्रीम लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. पारा चेहरा उजळवतो खरा, पण कातडीतून आत जातो. नणंदेला राग आला तर माझं नाव सांगा.

चार दिवसांत सगळं करायचा हट्ट सोडायला सांगा. नवी कोणतीही गोष्ट लग्नाच्या महिनाभर आधी एकदा होऊन गेलेली असावी. कातडीचा वरचा थर उतरून नवा यायला सुमारे चार आठवडे लागतात, चूक झाली तर तेवढी सवड हवी. तिला पुण्यातच एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक साधं फेशियल करू द्या, कातडीला मानवतंय का ते कळेल. इथे आल्यावर, लग्नाच्या तीन दिवस आधी, तेच फेशियल. पील नाही. ब्लीच करायचंच असेल तर आधी कानामागे लावून २४ तास बघा. भुवया दोन दिवस आधी.

उटण्याचं मन मोडत नाही, मीही आईच्या हातच्या उटण्यावर वाढले. फक्त लिंबू काढा. लिंबाचा रस कडक आंबट, त्यात तो लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की डाग उठू शकतात, आणि हळदीला मुलगी उन्हातच बसणार. संत्र्याची साल बारीक वस्त्रगाळ केली असेल तर हातापायांना लावा. चेहऱ्याला बेसन, साय आणि चिमूटभर हळद पुरे. साल मिक्सरमधून नुसती फिरवलेली असेल तर तिचे कण गालावर ओरखडे काढतात.

प्रश्न : मी २४ चा, दुपारी बाइकवर घरोघरी जेवण पोचवतो. तोंड आणि हात काळे पडले. पार्लरचं डी-टॅन मुलांनी केलं तर चालतं का?

चालतं, माझ्याकडे मुलं येतात. पण पैसे आधी सनस्क्रीनवर घाल. डी-टॅन करून दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुन्हा उन्हात जाशील तर हजार रुपये आठ दिवसांत गेले. एसपीएफ ३० सुद्धा नीट लावलं तर ९७ टक्के यूव्ही-बी अडवतं, फरक पडतो तो किती लावलं त्याने. पहिल्या दोन बोटांवर लांबीभर घे, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. घामाने जातं, म्हणून दर दोन तासांनी, ऑर्डरची वाट बघत उभा असशील तेव्हा. हातांना सुती बाह्या, हेल्मेटच्या आत सुती रुमाल. आणि बाळा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा असो नसो, पाण्याची बाटली असू दे.

प्रश्न : मुरुमांसाठी डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या आहेत. ओठांवरचं वॅक्स केलं तर चालेल का? कॉलेजचं गॅदरिंग आहे.

नाही. या गोळ्यांनी कातडी नाजूक होते, वॅक्सच्या पट्टीबरोबर ती निघून येते. पार्लरमध्ये गेलीस तर गोळ्यांचं नाव आधी सांग, त्यांनी विचारलं नाही तरी सांग. पील, स्क्रब, ब्लीचही सध्या नको. गॅदरिंगसाठी छोट्या ट्रिमरने लव कापून घे, केस जाड येत नाहीत, तो गैरसमज आहे. ओठ फुटत असतील तर व्हॅसलिन. गोळी संपेल ती तारीख कॅलेंडरवर लिही आणि वॅक्ससाठी तिथून पुढे सहा महिने मोज.