ठसा नसलेल्या जुन्या नकली दागिन्यांचे मूळ कसे ओळखावे? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

माझ्याकडे खड्यांचा एक जुना ब्रूच आहे. त्यावर निर्मात्याचा कोणताही ठसा नाही. शोधाची सुरुवात कुठून करावी?

मागच्या बाजूपासून करावी. दर्शनी बाजूची नक्कल कोणालाही करता येते. टाचणीची बिजागरी, ती अडकवण्याचा आकडा, डाखाच्या खुणा आणि खडे बसवण्याची पद्धत यांत मात्र कारखान्याची सवय उतरलेली असते. टाचणी नुसत्या वळवलेल्या आकड्यात अडकत असेल तर ती पद्धत जुनी आहे; फिरवून बंद होणारा सुरक्षित आकडा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून रूढ होत गेला. तरीही साधा आकडा स्वस्त मालात पुढे बराच काळ टिकल्यामुळे एवढ्यावरून वय ठरवू नये. दागिना त्याच्यातल्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुना असू शकत नाही, ही कसोटी मला अधिक भरवशाची वाटते. उदाहरणार्थ, इंद्रधनुषी झाक असलेले ‘ऑरोरा बोरिआलिस’ खडे स्वारोव्स्की या ऑस्ट्रियातील काचखड्यांच्या कंपनीने १९५०च्या दशकाच्या मध्यावर आणले. ते मुळापासून बसवलेले असतील, तर ब्रूच १९३०च्या दशकातला म्हणून विकणाऱ्याचा दावा तिथेच संपतो. खडा नंतर बदललेला नाही ना, हे भिंगाखाली गोंदाचा थर आणि वाकलेल्या नख्या पाहून तपासावे.

खडे स्वारोव्स्कीचे असतील तर दागिना ऑस्ट्रियाचा मानावा का?

नाही. खड्याचे मूळ आणि दागिन्याचे मूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रियातील वाटेन्स येथे १८९५ पासून घडणारे खडे आणि बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) याब्लोनेत्स येथील काच जगभर जात असे, आणि अमेरिकेत प्रॉव्हिडन्स किंवा न्यूयॉर्क येथील कारागीर ती आपापल्या घडणीत बसवत. त्यात आणखी एक गुंता आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर याब्लोनेत्समधून हद्दपार झालेले जर्मनभाषक कारागीर बव्हेरियात कॉफबॉयरनजवळ वसले आणि त्यांनी तिथे नोयगाब्लोन्त्स उभे केले. परिणामी एकाच परंपरेचे, एकमेकांशी जुळणारे काम दोन देशांतून बाहेर पडू लागले. देशाचे नाव नाही म्हणून वस्तू अमेरिकी, हा तर्कही टिकत नाही, कारण ते नाव पुष्कळदा कागदी चिठ्ठीवर असे आणि ती पहिल्याच दिवशी काढून टाकली जाई.

पाच कड्यांचे, मोठ्या खड्यांचे कंकण ‘जुलियाना’ म्हणून मला देऊ केले आहे. ते खरे असेल का?

असू शकेल, पण पाच कड्या हा पुरावा नव्हे. न्यूयॉर्कच्या डिलिझा अँड एल्स्टर या कारखान्याची स्थापना १९४७ची. तो मुख्यतः इतर कंपन्यांसाठी माल घडवी आणि वस्तूंवर आपले नाव उमटवत नसे. ‘जुलियाना’ हे नाव १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात थोडाच काळ, तेही कागदी चिठ्ठीवर वापरले गेले. आज मात्र त्या कारखान्याच्या सगळ्याच कामाला आणि दुर्दैवाने त्यासारख्या दिसणाऱ्या कोणत्याही कामाला ते चिकटवले जाते. पाच कड्यांची बांधणी, मागून उघडी कोंदणे आणि वर चढवलेले खडे ही लक्षणे एकत्र आढळली तरी ती इतरांच्या कामातही असू शकतात. म्हणून कारखान्याशी नाते सिद्ध झालेल्या नमुन्याशी पुढून आणि मागून तंतोतंत जुळल्याशिवाय विक्रेत्याने ‘त्या शैलीचे’ एवढेच म्हणावे, आणि तुम्हीही नावाची जादा किंमत देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

कर्णभूषणांच्या चापावर फक्त पेटंटचा क्रमांक आहे. त्यावरून निर्माता कळेल का?

कदाचित कळेल, पण आधी पेटंट कशाचे ते पाहावे. चापाचे पेटंट चाप बनवणाऱ्याचे असते, आणि तो एकच चाप अनेक दागिनेवाले विकत घेत. अमेरिकेत यंत्ररचनेच्या पेटंटांनी १९३५ मध्ये वीस लाखांचा टप्पा ओलांडला, तर नक्षीच्या पेटंटांचे क्रमांक त्या काळी पाच-सहा आकडी होते. त्यामुळे क्रमांकाच्या लांबीवरूनच प्रकार ओळखता येतो. क्रमांक पेटंट मिळाल्याचा काळ सांगतो, वस्तू घडल्याचा नव्हे. तोच चाप पुढे वर्षानुवर्षे वापरला गेलेला असू शकतो. वर्तुळातल्या सी अक्षराची कॉपीराइटची खूण मात्र साधारणपणे १९५५ नंतरची समजावी, कारण त्या वर्षी ट्रायफारी कंपनीच्या दाव्यात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने अशा दागिन्यांच्या रचनेला कॉपीराइटचे संरक्षण मान्य केले.

‘स्टर्लिंग’ लिहिले आहे, नाव नाही. नकली दागिन्यात चांदी कशी?

युद्धकाळात अमेरिकेत कथलासारख्या धातूंवर निर्बंध आल्याने १९४२ पासून काही वर्षे अनेक कारखाने सोन्याचा मुलामा दिलेली चांदी वापरत. चांदीचा शिक्का हा त्या काळाकडे निर्देश करतो, कोणा एका निर्मात्याकडे नाही.

झिजलेला ठसा दिसावा म्हणून मागची बाजू घासून चकाकवावी का?

कृपया घासू नका. मुलामा अतिशय पातळ असतो आणि पॉलिश करताना तो डाखाच्या खुणांसह निघून जातो. काही निर्मात्यांची नावपट्टी लहान लंबगोल तुकड्यावर असे आणि तो तुकडा मागे डाखलेला असे. तो गळून पडला तरी त्याची जागा वेगळ्या रंगाची राहते. अंधाऱ्या खोलीत तिरपा प्रकाश पाडून, दहापट भिंगातून पृष्ठभाग सावकाश पाहावा, आणि स्वच्छता करायचीच असल्यास कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडण्यापलीकडे जाऊ नये.