साथ आली तर विषाणूचा फैलाव रोखायला कॉलेज नेमकं काय करू शकतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात शिकवता, तुम्हाला आपत्ती व्यवस्थापन समितीत घेतलंय, आणि साथीचा विषय निघाला की सगळे सॅनिटायझरची बाटली आणि गेटवरची थर्मल गन एवढंच बोलतात. यापलीकडे कॉलेजच्या हातात खरंच काही असतं का, असं तुम्ही विचारलंय.

असतं. पुष्कळ असतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि कोरोनाच्या काळात आमच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. त्या दोन-अडीच वर्षांत जे पाहिलं त्यावरून सांगते. तुम्ही समितीत पहिला विषय घ्यायचा तो सॅनिटायझरचा घेऊ नका, हजेरीचा घ्या.

असं का म्हणते ते सांगते. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातली कॉलेजं निम्म्या उपस्थितीवर सुरू झाली होती. तृतीय वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. एक मुलगी मायक्रोस्कोपवर वाकली होती आणि बराच वेळ वरच येईना. स्लाइड नीट लागली नसेल म्हणून मी जवळ गेले, फोकसचा स्क्रू फिरवताना तिच्या हाताला हात लागला, तर चटका बसावा इतका गरम. गेटवर थर्मल गननं तिचा ताप नॉर्मल दाखवला होता, रजिस्टरमध्ये तसा आकडाही होता. बाहेर व्हरांड्यात नेऊन विचारलं तेव्हा तिनं दप्तरातून क्रोसिनची पट्टी काढून दाखवली. दोन गोळ्या संपलेल्या. सकाळी निघताना एक घेतली होती, गेटवर ताप दिसू नये म्हणून. "मॅडम, आज जर्नल सर्टिफाय झालं नसतं तर परीक्षेला बसता आलं नसतं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मला तिचा राग नाही आला. जर्नलची शेवटची तारीख मीच फळ्यावर लिहिली होती, खाली दोन रेघा ओढून. त्या आठवड्यात तिच्या बॅचमधल्या आणखी चौघींना ताप आला.

शास्त्र इथे साधं आहे. कोरोनाच्या मूळ विषाणूत लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जायचे, आणि लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना लागण करू शकायचा. विशी-बाविशीच्या मुलांना तर बऱ्याचदा नुसता घसा खवखवायचा, किंवा काहीच व्हायचं नाही. म्हणजे गेटवरच्या गनला यातलं फारसं काही सापडत नाही. आपल्याला बरं वाटत नाही ही खबर सगळ्यात आधी त्या मुलाला किंवा मुलीलाच असते. ती खबर आपल्यापर्यंत यावी असं वाटत असेल तर ती देणाऱ्याचं नुकसान होता कामा नये.

आपल्याकडे मात्र नुकसान होतं. पंच्याहत्तर टक्के हजेरी, अंतर्गत परीक्षेचे गुण, सबमिशनची तारीख. आजारपणाची सवलत आहे, पण डॉक्टरचा दाखला आणा. म्हणजे तापलेल्या मुलीनं वडापमध्ये बसून तालुक्याला यायचं, दवाखान्याच्या बाकावर दोन तास खोकणाऱ्यांच्या मध्ये बसायचं, आणि दाखल्याचे पैसे भरायचे. साथीच्या काळात हा दाखला मागणं म्हणजे फैलावाला आपणच हातभार लावणं आहे. घरून एक फोन किंवा साधा अर्ज पाच दिवसांसाठी पुरेसा धरा. खोटं बोलून सुट्टी घेणारे चार जण निघतील, निघू देत. त्या चार जणांच्या भीतीनं आपण चाळीस आजाऱ्यांना वर्गात बोलावतो.

हेच शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना लागू आहे, आणि तिकडे कुणाचंच लक्ष जात नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तास घेतला तरच मानधन मिळतं. तो अंगात ताप घेऊन येणार, दुसरं काय करणार? मेसमधल्या स्वयंपाकाच्या मावशी ठेकेदाराकडे रोजावर असतात. आमच्या मेसमधल्या एका मावशी तीन दिवस कणकण अंगावर काढून दीडशे मुलींच्या पोळ्या लाटत होत्या, कारण खाडा झाला की पैसे कापले जायचे. ठेकेदाराच्या करारात "आजारपणाचे सात दिवस भरपगारी" अशी एक ओळ घालायला आम्हाला सहा महिने लागले. तुम्ही ती आत्ताच घाला, साथ नसताना. साथ आल्यावर ठेकेदार ऐकत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. आमच्या शेजारच्या एका कॉलेजात बाधित मुलांची यादी स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली गेली. संध्याकाळपर्यंत ती गावोगाव फिरली. एका मुलाच्या घरचं दूध डेअरीवर घेईनात. त्यानंतर तिथे तपासणीचं शिबिर ठेवलं तर मोजकीच मुलं आली, आणि ते साहजिकच होतं. तेव्हा माहिती एकाच व्यक्तीकडे राहू द्या, आणि ती व्यक्ती अशी असावी की मुलं तिच्याशी एरवीही बोलतात. पद मोठं असण्याची गरज नाही. आमच्याकडे हे काम ग्रंथालयातल्या ताईंनी केलं. संपर्कात आलेल्यांना त्या फोन करायच्या, पण कुणामुळे ते कधीच सांगायच्या नाहीत.

आता प्रत्यक्ष फैलाव कुठे होतो ते पाहू. आपण वर्गात बाकांवर फुल्या मारत बसतो, आणि विषाणू मेसमध्ये आणि खोल्यांमध्ये फिरतो. डिसेंबर २०२० मध्ये आयआयटी मद्रासमध्ये शंभराहून जास्त विद्यार्थी बाधित निघाले, तेव्हा एकच मेस चालू होती आणि सगळे तिथेच जेवत होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये धारवाडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अडीचशेच्या वर बाधित सापडले. बहुतेकांचे लशीचे दोन्ही डोस झालेले होते, आणि आधी नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचा कार्यक्रम झाला होता. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं चॅपल हिल इथे ऑगस्ट २०२० मध्ये वर्ग सुरू केले आणि आठवडाभरातच पदवीचे वर्ग पुन्हा ऑनलाइन न्यावे लागले. तिथेही गट सापडले ते प्रामुख्यानं राहण्याच्या जागांमध्ये.

जेवताना मास्क काढावाच लागतो, समोरासमोर बसून बोलणं होतं, आणि मेसची खोली बहुधा कोंदट असते. म्हणून मेसची वेळ वाढवा आणि मजल्यांप्रमाणे पाळ्या लावा. आम्ही एक तासाचं जेवण तीन तासांवर नेलं. मुलींनी डबा खोलीत किंवा गच्चीवर नेला तरी चालेल असं सांगितलं. गच्चीची किल्ली द्यायला संस्थेच्या लोकांनी खूप आढेवेढे घेतले, पण मिळाली. आणि प्रॅक्टिकलच्या ज्या बॅचेस आपण एरवीही पाडतो, त्याच वर्ग, ग्रंथालय, मेस सगळीकडे कायम ठेवा. वीस जणींची बॅच आपसातच राहिली तर एक आजारी पडल्यावर वीस जणींना सांभाळावं लागतं, अख्ख्या वर्षाला नाही.

हवेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यावर खर्च जवळजवळ नाही आणि करत मात्र कुणीच नाही. कोरोनाचा विषाणू मुख्यतः श्वासातून बाहेर पडणाऱ्या थेंबांतून आणि त्याहून बारीक कणांतून पसरतो, आणि हे बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. बाकं पुसून ते जात नाहीत. छताचा पंखा आतलीच हवा आत फिरवतो. त्यासाठी खिडक्या हव्यात, त्याही समोरासमोर. आमच्या मोठ्या वर्गात आठ खिडक्या होत्या. रस्त्याकडच्या चार आवाज नको म्हणून बंद, व्हरांड्याकडच्या दोनांवर प्रोजेक्टरसाठी वर्तमानपत्रं चिकटवलेली, उरलेल्या दोन रंगानं अशा चिकटल्या होत्या की सुताराला पटाशी लावून उघडाव्या लागल्या.

आम्ही एक प्रयोग केला, तुम्हीही करा. रिकाम्या वर्गात मधल्या बाकावर एक उदबत्ती लावा. धूर सरळ वर जाऊन तिथेच घोटाळत राहिला तर ती खोली वाईट. खिडक्या उघडल्यावर धूर एका बाजूला वाकून बाहेर जायला लागला तर ठीक. मुलं हे डोळ्यांनी बघतात आणि मग खिडकी उघडी ठेवा असं त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही. पदार्थविज्ञान विभागाला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र घेता आलं तर उत्तमच. बाहेरच्या हवेत हा वायू दशलक्ष भागांत साधारण ४२० भाग असतो. भरलेल्या वर्गात आकडा हजाराच्या वर चढत गेला की समजायचं, आपण एकमेकांचा उच्छ्वास घेतोय. ज्या खोलीला खिडकीच नाही तिथे एग्झॉस्ट पंखा बसवा, तोपर्यंत तिथे वर्ग भरवू नका. आम्ही ट्युटोरियल पिंपळाखालच्या पारावर घेतली, पावसाळा सोडून.

वसतिगृह रिकामं करण्याचा निर्णय मात्र फार जपून घ्या. मार्च २०२० मध्ये आम्हाला दोन दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. त्या रात्री मी एसटी स्टँडवर मुलींना बसवून देत होते आणि प्रत्येक गाडी दारापर्यंत भरलेली होती. कोण काय घेऊन चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि पुढे घरी आजी-आजोबा होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही लोक घाबरून शहर सोडून गेले आणि साथ पुढे पसरत गेली. त्याच साथीमुळे १८९७ चा साथरोग कायदा आला, जो सरकारनं २०२० मध्येही वापरला. दुसऱ्या लाटेत आम्ही वेगळं केलं. जिला लक्षणं आहेत ती इथेच राहील, घरी जाणार नाही, असं पालकांशी बोलून ठरवलं. तळमजल्यावरच्या, स्वतंत्र संडास-बाथरूम असलेल्या तीन खोल्या राखून ठेवल्या. प्रत्येकीत एक थर्मामीटर, एक ऑक्सिमीटर. सकाळ-संध्याकाळ फोन. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर कुणाची गाडी निघणार आणि कुठल्या दवाखान्यात जाणार, हे कागदावर लिहून भिंतीला लावलेलं. एका आईनं मला फोनवर खूप सुनावलं, माझी पोरगी आजारी असताना तुम्ही तिला अडकवून ठेवलंय म्हणून. त्यांच्या घरी डायलिसिसवर असलेले सासरे होते. दहाव्या दिवशी मुलगी बरी होऊन घरी गेली तेव्हा त्याच बाई पुन्हा फोनवर बोलल्या. काय बोलल्या ते त्यांच्या-माझ्यात राहू दे.

कॉलेजचं काम कुंपणाच्या आत संपत नाही, आणि आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं असतात ही केवढी मोठी जमेची बाजू आहे! सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम निघाली तेव्हा आशाताईंबरोबर घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजायला आमचे स्वयंसेवकही होते. नंतर लशीसाठीच्या कोविन पोर्टलवर म्हाताऱ्या माणसांची नोंदणी करून देणं हे तर मुलांशिवाय झालंच नसतं, कारण ओटीपी म्हणजे काय हेच कित्येकांना माहीत नव्हतं. लशीनं वाईट होतं ही अफवा आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या पोस्टरनं गेली नाही. ती नातवानं आधी स्वतः लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी आजीसमोर बसून जेवला, तेव्हा गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये "मिशन युवा स्वास्थ्य" खाली कॉलेजातच लसीकरण झालं, त्याचा फायदा मी पाहिलाय. ग्रामीण रुग्णालयापर्यंत जायला ज्या मुली टाळत होत्या, त्या मैत्रिणींबरोबर रांगेत उभ्या राहिल्या.

तुमच्याकडे प्रयोगशाळा असेल तर आरोग्य विभागाशी आत्ताच बोलून ठेवा. २०२० मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात कोरोना तपासणीच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या होत्या. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली ती मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत, आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे मी वर्गात दरवर्षी सांगते. छोट्या कॉलेजला आरटी-पीसीआर जमणार नाही, पण सांडपाण्याचे नमुने गोळा करून द्यायला जमेल. ॲरिझोना विद्यापीठात ऑगस्ट २०२० मध्ये एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणूचा अंश सापडला, म्हणून तिथल्या ३११ जणांची तपासणी केली तर दोन मुलं बाधित निघाली. दोघांनाही काही त्रास नव्हता.

तर सॅनिटायझर ठेवा, हरकत नाही. साबण आणि नळाला पाणी असलं तर तेवढ्यानंही भागतं. पण महाविद्यालय विकास समितीच्या पुढच्या बैठकीत एक ठराव मांडा. आमच्या ठरावाचा मसुदा खाली देते, हवा तसा बदलून घ्या:

"साथीचा आजार जाहीर झाला असता, ताप, खोकला किंवा तत्सम लक्षणे असल्याचे विद्यार्थ्याने किंवा पालकाने फोनवर अथवा लेखी कळविल्यास पाच दिवसांपर्यंत वैद्यकीय दाखल्याशिवाय गैरहजेरी माफ राहील. या काळातील प्रात्यक्षिके व अंतर्गत परीक्षा पुन्हा घेतल्या जातील. जर्नल उशिरा आल्यास गुण कापले जाणार नाहीत. तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे या काळातील मानधन कापले जाणार नाही. विद्यार्थ्याचे नाव नेमलेल्या व्यक्तीव्यतिरिक्त कोणासही कळविले जाणार नाही."

मानधनाच्या वाक्यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ गेला. पैसे कुठून आणायचे, असा प्रश्न आला. आम्ही त्या वर्षी रद्द झालेल्या स्नेहसंमेलनाची रक्कम तिकडे वळवली. तुमच्याकडे असं कुठलं खातं आहे ते लेखापालांना बैठकीच्या आधीच विचारून ठेवा.