साथीच्या काळात काळजी घेणं म्हणजे देवावरचा विश्वास कमी असणं का?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की साथ पसरत असताना तुमच्या प्रार्थना गटातल्या एका वडीलधाऱ्या भावांनी देवाच्या आश्रयाला राहणाऱ्याला मरी शिवणार नाही असं सांगणारं स्तोत्र 91 वाचलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ज्याचा देवावर भरवसा आहे त्याला मास्क कशाला आणि लस कशाला?" तुम्हाला तेव्हा उत्तर सुचलं नाही आणि आता शुक्रवारच्या प्रार्थनेला जावं की नाही, हा पेच पडलाय.

काळजी घेणं म्हणजे अविश्वास नाही, असं मला ठामपणे वाटतं. का वाटतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण या प्रश्नावर मी एकदा गप्प बसलो होतो.

आधी स्तोत्र 91. माझं ते आवडतं स्तोत्र आहे आणि आजारपणात मी ते रोज म्हणतो. पण हेच स्तोत्र शुभवर्तमानात कोण म्हणून दाखवतं ते पाहा. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि सांगतो, उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय ना! प्रभू वचन नाकारत नाही. देवाची परीक्षा पाहू नको असंही लिहिलंय, एवढं उत्तर देतो आणि उडी टाकत नाही. तेवढ्याने त्याचा पित्यावरचा भरवसा कमी झाला, असं आपल्यापैकी कोणी म्हणेल का?

पण मला स्वतःला खरं उत्तर सापडलं ते प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 मध्ये. पौल कैदी म्हणून रोमला निघालाय. तारू क्रेत बेटाच्या 'सुंदर बंदर' नावाच्या ठिकाणी थांबलंय, उपासाचा दिवस उलटून गेलाय, म्हणजे समुद्रप्रवासाचा सुरक्षित हंगाम संपलाय. पौल म्हणतो, पुढे गेलो तर माल, तारू आणि आपले जीवही धोक्यात येतील असं मला दिसतंय. इथे देवदूत आलेला नाही, दर्शन झालेलं नाही. ही समुद्र पाहिलेल्या माणसाची सूचना आहे. करिंथकरांस लिहिताना त्याने सांगितलंच होतं की आपलं तारू तीनदा फुटलं आणि एक रात्र-दिवस आपण समुद्रात काढला. कैद्यांवर नेमलेला रोमी अधिकारी, शताधिपती, मात्र तांडेलाचं आणि तारवाच्या मालकाचं ऐकतो. बहुतेकांनाही ते बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचं वाटतं. मग मंद दक्षिणवारा सुटतो, सगळ्यांना वाटतं जमलं, आणि नांगर उचलतात. साथीत रुग्ण जरा कमी झाल्याची बातमी आली की आपण सगळे कसे सैल सुटतो ते आठवा. मला दर वेळी तो दक्षिणवारा आठवतो.

पुढे वादळ होतं. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. माणसं जगण्याची आशा सोडतात, तेव्हा कुठे देवदूत पौलाकडे येतो आणि तुझ्याबरोबरचे सगळे वाचतील असं सांगतो. पौल सगळ्यांना धीर देतो, तुमच्यापैकी एकाचाही जीव जाणार नाही म्हणतो. आता देवाचं वचनच मिळालं म्हटल्यावर हात जोडून बसायला हरकत नव्हती. पण 14व्या रात्री खलाशी नांगर टाकायच्या बहाण्याने होडी समुद्रात सोडून पळायला बघतात, तेव्हा 31व्या वचनात हाच पौल शिपायांना सांगतो, "हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही." शिपाई होडीचे दोर कापतात. पहाटे पौल सगळ्यांना काहीतरी खाऊन घ्या म्हणतो, अंगात बळ हवं म्हणून. भाकरी घेतो, सगळ्यांदेखत उपकारस्तुती करतो, मोडतो आणि खातो. 276 माणसं जेवतात आणि उरलेलं धान्य समुद्रात टाकून तारू हलकं करतात. शेवटी कोणी पोहत तर कोणी फळ्यांवर, सगळे किनाऱ्याला लागतात.

एकाच माणसाच्या तोंडी "एकही जीव जाणार नाही" आणि "हे राहिले नाहीत तर बचाव नाही" ही दोन्ही वाक्यं आहेत. पौलाला त्यात विसंगती दिसत नाही. देवाने जीव वाचवायचं वचन दिलं आणि ते खलाशांच्या हातांनी, पोटातल्या भाकरीने आणि तुटक्या फळ्यांनी पुरं केलं. डॉक्टर, नर्स, लस बनवणारे संशोधक यांच्याकडे मी तसंच बघतो. आणि एक सांगू? "देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिला नाही" हे वचनही अशा वेळी फार ऐकू येतं. तीमथ्याला लिहिलेलं ते वचन पुरं वाचा. सामर्थ्य आणि प्रीती यांच्यानंतर तिथे संयमन आहे.

आता मी गप्प बसलो ते सांगतो. कोविडच्या काळात आमच्या मंडळीची उपासना बंद होती, पण एका घरात प्रार्थना सुरू झाली. लहान खोली, पंधरा-एक माणसं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि तासभर गाणी. मला माहीत होतं गाण्याने काय होतं. 2020च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली होती. 61 जण आले होते, त्यांतले 53 आजारी पडले आणि दोघे दगावले. हे मी वाचलेलं होतं. तरी गाण्यात वर्षानुवर्षं माझ्या शेजारी उभा राहणारा मित्र फोनवर "येतोस ना?" म्हणाला तेव्हा मी "जरा काम आहे" म्हणालो. "तूही जाऊ नकोस" हे तोंडातून निघालं नाही, कारण तो मला अल्पविश्वासी म्हणेल असं वाटलं. तीन आठवड्यांनी तो गेला. त्याचं गीतपुस्तक माझ्याकडे आहे. कुठे श्वास घ्यायचा त्या जागांवर त्याने पेन्सिलीने बारीक खुणा केल्यात.

मी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं का, मला कळायला मार्ग नाही. पण यहेज्केलच्या 33व्या अध्यायातला पहारेकरी तलवार येताना बघतो आणि रणशिंग फुंकत नाही, तो अध्याय मी त्यानंतर फार वेळा वाचलाय. तुम्हाला इतकं लांब लिहितोय त्याचं कारणही तेच.

देवाची माणसं अशा वेळी कशी वागली हे पाहिलं की धीर येतो. 1527 साली जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन लूथर शहर सोडून गेला नाही, रुग्णांची सेवा करत राहिला. त्याच वेळी एका पत्रात त्याने लिहिलं की मी देवाची करुणा भाकीन, मग घराला धुरी देईन, औषध घेईन आणि जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्या निष्काळजीपणाने कोणाचा जीव जायला नको. मात्र शेजाऱ्याला गरज असली तर बेधडक जाईन. इंग्लंडमधल्या ईम गावात 1666 साली पाळक विल्यम माँपेसन आणि त्याच्या आधीचा पाळक थॉमस स्टॅन्ली, दोघे वेगळ्या पंथाचे, एकत्र आले आणि गावकऱ्यांना म्हणाले, रोग बाहेर जाऊ द्यायचा नाही, आपण वेशीच्या आतच राहू. चर्च बंद केलं, उपासना उघड्यावर घेतली. बाहेरून आलेल्या सामानाचे पैसे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे. माँपेसनची बायको कॅथरीन त्याच ऑगस्टमध्ये प्लेगने गेली. त्यांनी सगळी खबरदारी घेतली होती आणि तरी घरं रिकामी झाली.

हे मुद्दाम लिहितोय, कारण उद्या काळजी घेणारा कोणी आजारी पडला तर "याचा विश्वास कमी पडला" असं बोलणारेही भेटतील. पौलाचेच सोबती बघा: एपफ्रदीत मरणाच्या दारी पोचला होता आणि त्रफिमाला पौलाने मिलेतात आजारीच ठेवलं. कोणाचाही विश्वास मोजला गेला नाही. आपली आशा पुनरुत्थानाची आहे. ताप आला म्हणून ती जात नाही आणि मास्क लावला म्हणून बाटत नाही.

तर शुक्रवारचं. मी तुमच्या जागी असतो तर बंद खोलीत गेलो नसतो, आणि माझ्यासारखं खोटं कारणही दिलं नसतं. मोकळ्या जागेत अंतर ठेवून जमू या किंवा फोनवर प्रार्थना करू या, असं सुचवा. गटातलं कोणी आजारी असेल तर औषधं आणि डबा दाराशी पोचवायचं काम स्वतःकडे घ्या. लशीबद्दल शंका असतील तर डॉक्टरांना विचारा, फिरत आलेल्या संदेशांना नको. त्या वडीलधाऱ्या भावांशी मात्र सगळ्यांसमोर वाद घालू नका. त्यांना एकट्यांना फोन करा आणि प्रेषितांची कृत्ये 27 एकत्र वाचू या म्हणा. 31वं वचन त्यांनाच वाचू द्या.