काँग्लोमरेट : सुताची गुंडी

वाशीच्या एका वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने विचारलंय : 'काँग्लोमरेट म्हणजे नेमकं काय? प्रोजेक्टमध्ये त्याला बहुराष्ट्रीय कंपनी म्हटलं तर चालेल का?'

अजिबात नाही. बहुराष्ट्रीय म्हणजे अनेक देशांत पसरलेली; जगभर नुसता साबण विकला तरी ती बहुराष्ट्रीयच. काँग्लोमरेटमध्ये बघायचे ते धंदे, आणि तेही एकमेकांशी संबंध नसलेले, पण एका मालकीखालचे. हल्ली शेअर बाजारावर बोलणारा जो तो कुठल्याही बड्या कंपनीला काँग्लोमरेट म्हणतो. घोडबंदर रोडवर टॉवर उभारणाऱ्या बिल्डरलासुद्धा! अहो, त्याच्या चार कंपन्या असतील, पण चारही घरंच बांधतात ना? कन्सॉर्शियमशी गल्लत तर रोजची. अटल सेतूच्या एका टप्प्यासाठी लार्सन अँड टुब्रो आणि जपानची आयएचआय एकत्र आल्या, ते कन्सॉर्शियम. काम झालं की ज्याचा तो मोकळा.

आता खरी गंमत. लॅटिनमध्ये 'ग्लोमस' म्हणजे सुताची गुंडी. त्याला 'एकत्र' या अर्थाचा 'कॉन' लागला आणि 'काँग्लोमेरारे' झालं, म्हणजे एकत्र गुंडाळणं. आपल्या मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचा जो गुंता असतो, त्या ग्लोमेरुलसचं मूळही हेच : इवलीशी गुंडी. आणि इतर कंपन्यांचे शेअर हातात ठेवून त्यांच्यावर ताबा ठेवते त्या होल्डिंग कंपनीला मराठीत काय शब्द आहे? सूत्रधारी कंपनी! तिकडे नजर गुंडीवर गेली, इकडे सूत धरणाऱ्या हातावर. वाणिज्याच्या परिभाषेत याहून देखणी जोडी मला माहीत नाही.

काही जाणकार ठासून सांगतात की धंद्यातला अर्थ खडकावरून आला. गोल गोटे नैसर्गिक सिमेंटने जखडून जो खडक होतो, तोही काँग्लोमरेट, मराठीत पिंडाश्म. (पारसिकच्या डोंगरात शोधू नका, तिथे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट आहे.) पण इंग्रजीत 'गोळा झालेला' या अर्थाचं विशेषण सोळाव्या शतकापासून आहे, भूशास्त्राने ते नंतर उचललं. मग धंद्याला खडकातून वळसा घ्यायची गरज काय? अमेरिकेत १९६०च्या दशकात आयटीटी या टेलिफोनवाल्या कंपनीने भाड्याच्या गाड्यांची एव्हिस घेतली, शेरेटन हॉटेलं घेतली, पाव भाजणारी कंपनीही घेतली. हे गुंडाळत जाणंच आहे. शिवाय गुंडी उलगडता येते, खडक फोडावा लागतो. ठाण्यात १९२५ साली लोकरीची गिरणी म्हणून सुरू झालेल्या रेमंडचंच बघा. कापड, इंजिनिअरिंग, पुढे पोखरण रोडला गिरणीच्या जमिनीवर घरं. आणि कापड नि घरबांधणीच्या वेगळ्या कंपन्या काढून त्या शेअर बाजारात स्वतंत्र नोंदवल्या, कापडाची २०२४ साली, घरबांधणीची २०२५ साली. एकेक धागा सुटा झाला.

कोशकार 'उद्योगसमूह' लिहून मोकळे होतात, ते मला मुळीच पटत नाही. दहा साखर कारखाने एका मालकाचे असले तरी तो उद्योगसमूहच झाला. धंद्यांचं वेगळेपण, जो या शब्दाचा प्राण, तेच त्यात नाही. 'बहुउद्योगी समूह' लिहा. आणि उदाहरण हवं असेल तर टाटा घ्या : पोलाद, मीठ, चहा, हॉटेलं, सॉफ्टवेअर, आणि वर सूत्रधारी टाटा सन्स.