डी संघाच्या टोकाकडून

चि.,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी रात्री फोनवर तू पाऊण तास बोललास आणि मी नुसता हुंकार भरत राहिलो. फोनवर मला नीट बोलता येत नाही. आयुष्यभर फळ्याकडे तोंड करून बोललो, त्याचा परिणाम. म्हणून लिहितो.

तर सिडनीतल्या तुझ्या शाळेने तुम्हा नव्या शिक्षकांनाही मत विचारलंय, की शनिवारच्या शाळा-शाळांमधल्या रग्बीचं पुढे काय करायचं. आधी तू म्हणालास, "काका, हा सगळा तमाशा बंद करायला हवा." आणि दहा मिनिटांनी म्हणालास, "पण आमची चौदा वर्षांखालची डी टीम जिंकली ना त्या दिवशी, मी वेड्यासारखा ओरडलो." समितीपुढे जाताना ही दोन्ही वाक्यं सोबत ने. पहिलं एकटं नेलंस तर तुला कुणी ऐकणार नाही. दुसरं एकटं नेलंस तर तुला पुढल्या वर्षी डीच्या वरची सी टीम देतील आणि विषय संपेल.

परंपरेची बाजू घेणारे काय म्हणतील, ते तुला पाठ असेल. 1892 साली इथल्या शाळांची जीपीएस संघटना झाली, तेव्हापासून हे असंच चालत आलंय, वगैरे. (आपल्या नातेवाइकांना मी आजही समजावू शकलेलो नाही, की जीपीएस म्हणजे मोबाइलमधला नकाशा नव्हे. आणि 'ग्रेट पब्लिक स्कूल्स' असं नाव असून नऊपैकी सरकारी शाळा एकच, सिडनी हाय. बाकीच्यांची फी भरताना बापाच्या तोंडाला फेस येतो.) हे 'असंच' शब्दशः घेऊ नकोस. हा खेळ कायम दुरुस्त्या करत करतच इथवर आलाय. 1845 मध्ये रग्बी शाळेत पहिले लेखी नियम झाले, ते लिहिले पोरांनी. त्या काळी समोरच्याच्या नडगीवर बुटाने लाथ घालणं हा खेळाचा भाग होता. 1863 मध्ये लंडनला फुटबॉलचे नियम ठरत असताना ती लाथ काढायची ठरली, तर ब्लॅकहीथ क्लबवाले रागावून उठून गेले. म्हणे लाथ गेली की मर्दानगी गेली. आणि पुढे आठ वर्षांनी, 1871 मध्ये, त्यांचीच रग्बी युनियन झाली तेव्हा तिनेही लाथ बंद केली. खेळ राहिला, नडग्याही राहिल्या.

स्क्रमचंही, म्हणजे दोन्ही संघांची पोरं खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात त्याचंही, तेच. एकोणीस वर्षांखालच्या मुलांनी स्क्रममध्ये समोरच्यांना दीड मीटरच्या पलीकडे रेटायचं नाही, हा नियम तुझ्या पोरांना आता पाण्याइतका साधा वाटतो. पोरांच्या माना मोडल्या म्हणून तो आला. आला तेव्हा कुरकुर करणारे होतेच.

हे सगळं तुला माहीत असावं म्हणून सांगितलं. बैठकीत यातलं एक अक्षर बोलू नकोस. तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला त्याच्याच खेळाचा इतिहास सांगितला, की तो त्या दिवसापासून तुझ्याशी फक्त हवेबद्दल बोलतो. मी करून पाहिलंय.

आता खरा गुंता. बाहेरून तयार मुलं आणण्याचा. खेळाच्या नावाने शिष्यवृत्ती द्यायची नाही असा इथला संकेत, पण 'बर्सरी' (गरजू मुलाला फीमध्ये मदत) आणि 'सर्वांगीण गुणवत्ता' हे शब्द फार लवचीक आहेत. अकरावीच्या वर्गात जानेवारीत, इथलं शाळेचं वर्ष सुरू होताना, दाढी आलेला एक नवा मुलगा दिसतो आणि मे महिन्यात तो फर्स्ट फिफ्टीनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या संघात, असतो. तू म्हणालास, हे सरळ बंद करावं. इतकं सरळ नाही रे. रग्बीपटू कर्टली बील पश्चिम सिडनीतल्या साध्या घरातला. शिष्यवृत्तीवर सेंट जोसेफ्स शाळेत गेला, आणि तिथून पुढे देशाच्या संघात. ते दार बंद असतं तर कुणाचं भलं झालं असतं? आपल्याकडे तरी काय वेगळं? आचरेकर सरांच्या सल्ल्यावरून तेंडुलकरांच्या पोराने क्रिकेटसाठी शाळा बदलली आणि तो शारदाश्रमात गेला, तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. उलट आपण ती गोष्ट आरतीसारखी म्हणतो.

पण त्याच गोष्टीचं दुसरं टोक बघ. 1988, हॅरिस शिल्ड, आझाद मैदान. सचिन-विनोदची 664 धावांची भागी आणि शारदाश्रमचा धावफलक 2 बाद 748. पुढचा फलंदाज अमोल मुजुमदार पॅड बांधून बसून राहिला, बसूनच राहिला. तो पुढे मोठा झाला म्हणून त्याचं पॅड बांधून बसणं आपल्याला माहीत आहे. मी गणिताचा माणूस. दोन बाद, दोन खेळतायत, एक पॅड बांधून बसलाय. म्हणजे अकरातली आणखी सहा पोरं उरली. त्यांच्या त्या दिवसाचं काय झालं, ते मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

माझ्या शाळेतली अशी दोन पोरं तुला सांगतो. शाळेचं नाव राहू दे, तुझी नव्हे. पहिला तेरा वर्षांखालच्या सी संघात माझ्याकडे आला तेव्हा टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडताना, डोळे मिटायचा. चार वर्षं घासली त्याने. दहावीत दुसऱ्या फिफ्टीनच्या सरावाला बोलावणं आलं. अकरावीच्या आधीच्या उन्हाळ्यात, इथल्या डिसेंबरात, रोज सकाळी पळायला जायचा. जानेवारीत बाहेरून दोन मुलं आली, त्यातला एक नेमका त्याच्या जागेवर खेळणारा. काही बोलला नाही. एप्रिलमध्ये शांतपणे येऊन म्हणाला, सर, मी यंदा नाटकात आहे. चांगला नट निघाला म्हणा, पण ते वेगळं.

दुसरा तो, जो त्याच्या जागी आला होता. याला खलनायक करू नकोस. त्याची आई रात्रपाळी करायची, आणि शनिवारी तशीच, न झोपता, मैदानावर यायची. ऑगस्टमध्ये त्याचा गुडघा गेला. वर्षाच्या शेवटी बर्सरीचं पुढे काय, हा प्रश्न निघाला तेव्हा ज्यांनी त्याला आणलं होतं ते ओल्ड बॉईज, म्हणजे शाळेचे माजी विद्यार्थी, फोन उचलेनात. मी त्याला बारावीच्या गणिताची शिकवणी द्यायचो, म्हणून मला हे कळलं. बैठकीत मी विचारलं, की मुलगा शाळेचा आहे की गुडघा शाळेचा आहे? खोली गप्प झाली. त्याची बारावी कशीबशी तिथेच पार पडली. मला मात्र पुढल्या वर्षी खेळ-समितीतून सन्मानाने मोकळं करण्यात आलं.

म्हणून बाहेरची मुलं 'आणू नका' म्हणू नकोस. आणायचंच तर सातवीत आणा, आणि शिष्यवृत्ती बारावीपर्यंत लेखी द्या, गुडघा असो वा नसो, असं म्हण. त्याला कुणी परंपराविरोधी म्हणू शकणार नाही. आणि खर्च ऐकून निम्मा उत्साह आपोआप गळेल.

सामने एकतर्फी होतात, साठ-सत्तर गुणांनी हरतात पोरं, त्यावर काय करायचं, असंही तू विचारलंस. सेंट जोसेफ्सची पन्नासहून अधिक विजेतेपदं आहेत, त्यामुळे ही तक्रार नवी नाही. सीएएस या इथल्याच दुसऱ्या संघटनेच्या शाळांबरोबर एकत्र येऊन ताकदीप्रमाणे गट पाडावेत, हा विचार पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. माझं मत विचारशील तर सिडनी ग्रामर आणि सिडनी हाय यांच्याकडे बघ. त्यांच्या फर्स्ट फिफ्टीननी मुख्य विजेतेपदाची स्पर्धा सोडली आणि इतरांच्या खालच्या संघांशी खेळू लागले. तेव्हा नाक कापलं म्हणणारे भेटले होते मला, सुटाबुटातले. पण पोरं खेळतायत, आणि सामना शेवटच्या दहा मिनिटांत इकडचा तिकडे होऊ शकतो. अभिमानाला जरा खरचटलं, एवढंच.

हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं, की मी परंपरा म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चषक येतच नाही. येतं ते सकाळी आठचं दवाने भिजलेलं तिसरं मैदान. एका शाळेची सगळी पोरं दुसऱ्या शाळेच्या सगळ्या पोरांशी खेळतात, तेरा वर्षांखालच्या शेवटच्या संघापासून दुपारच्या फर्स्ट फिफ्टीनपर्यंत, डझन-दीड डझन सामने. सकाळी चिखलात लोळलेला डीमधला पोरगा दुपारी कुंपणाला टेकून सॉसेज खात, ओरडून घसा बसवतो, कारण तो त्याच खेळातला आहे. ही गोष्ट जपण्यासारखी आहे. मग कुठलीही सुधारणा समोर आली, की तू एवढंच विचार: याने डी संघ राहील की जाईल? उत्तम प्रशिक्षक, जिमचा पैसा, मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण, सगळं वरच्या संघाला आणि खाली संघच उभा राहत नाही, अशी शाळा कितीही जिंकली तरी तिने परंपरा मोडलेलीच आहे. उलट चिखलातल्या त्या पोराला वाचवणारा बदल कितीही नवा असो, तू त्याच्या बाजूने बोल.

उदाहरणार्थ वजन. तुझ्या संघात पंचेचाळीस किलोचा श्रीलंकन पोरगा आहे आणि समोर नव्वद किलोचा येतो, म्हणालास. आपल्या कबड्डीत किशोर गटाला 55 किलोची आणि कुमार गटाला 70 किलोची मर्यादा असते. काट्यावर उभं राहण्याआधी माझा भाचा दोन दिवस जेवायचा नाही, म्हणजे तिथेही शहाणपण ऊतू जात होतं असं नाही. पण तत्त्व कुणी अपमानास्पद मानत नाही. इथेही वयाबरोबर अंगकाठी बघून मुलाला वरच्या-खालच्या गटात टाकण्याची सोय आहे. ती वापरताना मोठ्या पोराला शिक्षा वाटू देऊ नकोस. बहुतेकदा तो मनाने सगळ्यात लहान असतो.

आणि डोकं. 2024 पासून सुपर रग्बी या व्यावसायिक स्पर्धेच्या खालच्या सगळ्या खेळात टॅकल छातीच्या हाडाच्या खालीच करायचा, असा प्रयोग सुरू झाला. कुंपणाबाहेरचे बाप "आमच्या वेळी" सुरू करतील, ऐकून घे. पण मेंदूला धक्का बसल्याच्या शंकेने रेफरीने निळं कार्ड दाखवलं, की पोरगा बाहेर, त्यावर चर्चा नाही. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, सगळी लक्षणं गेल्यावर चौदा दिवस, मग धक्काबुक्कीचा सराव, आणि सामना दुखापतीनंतर किमान एकवीस दिवसांनी. कार्ड निघालं नसेल आणि तुला शंका आली, तर तूच बाहेर काढ. पोरगा रडेल, बाप शिव्या देईल, आणि सोमवारी मुख्याध्यापकांना मेल जाईल. ती मेल येऊ दे. मला अशा अकरा आल्या, फायलीत लावून ठेवल्यात.

बैठकीत शेवटून दुसरा बोल. पहिले बोलणारे भांडतात आणि शेवटचा बोलतो तेव्हा लोक गाडीच्या किल्ल्या शोधत असतात. दोन मिनिटं पुरेत. वाक्याची सुरुवात "माझ्या डी टीममध्ये" अशी कर.

रविवारी काकू थालीपीठ करणार आहे, ये. माझी जुनी शिट्टीही घेऊन जा, तुझी ती प्लॅस्टिकची पावसात वाजत नाही.

तुझा,
काका