मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. एका मोठ्या वैज्ञानिक कंपनीच्या संशोधन विभागात रुजू व्हावे की नाही, असे तू विचारले आहेस. माझी अठरा वर्षे अशाच एका कंपनीत गेली, म्हणून अनुभवाचे तेवढेच लिहितो.

तिथे साधनांची ददात नसते. ज्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, पाळी मिळावी म्हणून विद्यापीठात आठवडेच्या आठवडे थांबावे लागते, तो तिथे बहुधा शेजारच्या खोलीत असतो. त्याहून मोलाची असतात ती सोबतची माणसे. चंचुपात्रात सुरळीत होणारी अभिक्रिया मोठ्या टाकीत नेली की उष्णता बाहेर काढणे किती अवघड जाते, कारण आकारमान वाढते त्या प्रमाणात पृष्ठभाग वाढत नाही, हे मला पुस्तकाने नव्हे तर कारखान्यातल्या एका अभियंत्याने शिकवले. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत 1947 साली ट्रान्झिस्टर तयार झाला तेव्हा सिद्धान्तात मुरलेले बार्डीन आणि प्रयोगात हात बसलेले ब्रॅटन एकत्र काम करीत होते. अशी जोडी जमणे मोठ्या संस्थेत सोपे जाते. पगार नियमित आणि बरा असतो, त्यावर अधिक लिहीत नाही.

मात्र तिथे प्रश्न तुझ्या मालकीचा नसतो, आणि माझ्या मते सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच आहे. माझ्या गटाने एका आवरणद्रव्यावर चार वर्षे काम केले होते. नमुने दमट हवेत टिकू लागले, आणि त्याच महिन्यात कंपनी त्या व्यवसायातूनच बाहेर पडल्यामुळे प्रकल्प थांबला. शीतकपाटाच्या दुसऱ्या फळीवर दोनशेहून अधिक कुप्या होत्या, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात तारीख आणि क्रमांक होता. त्या मी स्वतः विल्हेवाटीच्या पिंपात टाकल्या, प्रयोगवह्या जमा केल्या आणि पोच घेतली. आमचे काहीच चुकले नव्हते, म्हणून ते पचवणे अधिक कठीण गेले.

नावाचाही विचार कर. पेटंटवर संशोधक म्हणून तुझे नाव येईल, पण हक्क सामान्यतः कंपनीचे राहतील, आणि अर्ज दाखल होईपर्यंत तुला निबंध प्रसिद्ध करता येणार नाही, कारण आधी जाहीर झालेल्या शोधाचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपू शकते. गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी लहान नमुन्यांच्या संख्याशास्त्राविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध, कंपनीच्या बंधनामुळे, 1908 साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला. त्यातून आलेली संख्याशास्त्रीय चाचणी आजही त्याच नावाने शिकवली जाते. पुढे विद्यापीठात परतण्याची तुझी इच्छा असेल, तर निबंधांविना गेलेली वर्षे तिथे समजावून सांगावी लागतात.

तरीही मी तुला जाऊ नकोस असे म्हणणार नाही. हात तयार होण्याच्या वयात इतकी चांगली साधने आणि इतके जाणकार सहकारी सहसा इतरत्र एकत्र मिळत नाहीत. फक्त मुलाखतीत एक गोष्ट आवर्जून विचार: गेल्या पाच वर्षांत कोणते प्रकल्प बंद झाले, तो निर्णय कोणी घेतला आणि त्यांवरची माणसे आज कोणते काम करीत आहेत? नावे सांगता येणार नाहीत असे ते म्हणतील, ते रास्तच आहे. पण माणसांचे काय झाले हे त्यांना सांगता आले पाहिजे. मिळालेले उत्तर मला जसेच्या तसे लिहून पाठव, म्हणजे करारातले गोपनीयतेचे कलम सही करण्यापूर्वी आपण दोघे मिळून वाचू.

तुझा हितचिंतक