टॅबची कळ जागा सोडत नाही, थांब्यावर नेते

नावांपुढे रकमा लिहिताना स्पेस बार दाबून रकाना सरळ केला, तरी छापल्यावर आकडे मागेपुढे का होतात आणि तिथे टॅब वापरल्याने काय फरक पडतो, असा आपला प्रश्न आहे.

टॅब हे टॅब्युलेटर या शब्दाचे लघुरूप. टंकलेखन यंत्रावर तक्ता टाइप करताना प्रत्येक रकान्याच्या सुरुवातीला थांबा लावून ठेवत, आणि ही कळ दाबली की कागद धरणारा गाडा सरकत जाऊन थेट त्या थांब्याशी अडकत असे. कीबोर्डवरची कळ नीट पाहिलीत, तर तिच्यावर बहुधा उलटसुलट दिशांचे दोन बाण दिसतील आणि प्रत्येकाच्या टोकाशी एक उभी रेघ. ती रेघ म्हणजेच तो थांबा. डावीकडे रोखलेला बाण शिफ्टसह दाबण्यासाठी असतो, म्हणूनच ऑनलाइन अर्जात टॅबने पुढच्या रकान्यात आणि शिफ्ट-टॅबने मागच्या रकान्यात जाता येते.

आपली अडचण अक्षरांच्या रुंदीची आहे. साध्या टंकलेखन यंत्रावर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळत असल्यामुळे स्पेस मोजूनही भागत असे. आजच्या बहुतेक फाँटमध्ये मात्र ‘र’ अरुंद आणि ‘क्ष’ रुंद असतो, त्यामुळे ‘रमा’ आणि ‘क्षमा’ यांच्या रुंदीतला फरक नेमक्या पूर्ण स्पेसने भरून निघेलच असे नाही. पडद्यावर सरळ भासलेली ओळ फाँट बदलताच बिघडते ती याच कारणाने.

मात्र स्पेसऐवजी टॅब चार वेळा दाबणे हीसुद्धा तीच चूक आहे, आणि ती फार जण करतात. वर्डमध्ये मूळ थांबे साधारण दर अर्ध्या इंचावर असतात. नाव जरा लांबले की एक थांबा ओलांडला जातो आणि त्या ओळीतली रक्कम पुढे सरकते. त्याऐवजी सर्व ओळी निवडून रूलरवर, म्हणजे पानाच्या वरच्या मोजपट्टीवर, हवा तिथे एकच थांबा लावावा आणि नावानंतर टॅब एकदाच दाबावा. रकमांसाठी दशांश थांबा निवडल्यास दशांशचिन्हे एकाखाली एक येतात. तक्त्याच्या चौकटीत टॅबने पुढच्या चौकटीत जाणे होते, म्हणून तिथे कंट्रोल-टॅब वापरावे.

जुना मजकूर दुरुस्त करताना विंडोजवरील वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-८ दाबावे: स्पेस ठिपक्यांसारखे आणि टॅब बाणासारखे दिसू लागतील. जिथे ठिपक्यांची रांग दिसेल, तिथे ती पुसून एकच बाण ठेवावा.